चौकटीतली अनामिका

विसाव्या शतकाच्या मध्यात मराठी घरांच्या भिंतींवर एक स्त्री आली आणि तिथेच राहिली. अंबाडा, नथ, काठाचे लुगडे, ओठांवर जरासे हसू. दिवाळी अंकातून किंवा दिनदर्शिकेवरून कापून तिला चौकटीत बसवले जाई. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू केला. रघुवीर मुळगावकरांनी एअरब्रशने नायिकेच्या कांतीला वेगळीच झळाळी दिली. आज संग्राहक अशा छपाईमागची मूळ चित्रे शोधतात. त्यातही तैलचित्राला मान अधिक.

या चित्रांना सरसकट व्यक्तिचित्रे म्हणण्याचा प्रघात तपासायला हवा. व्यक्तिचित्रातला चेहरा एका विशिष्ट माणसाचा असतो. इथे चेहरा बहुधा ठरलेला. बदलतात ती वस्त्रे आणि दागिने. संग्राहकाला मोह पडतो तो या ओळखीच्या चेहऱ्याचा, आजोळच्या भिंतीवरच्या बाईचा. परंतु जुनी आठवण जागी होणे हा चित्राचा गुण नव्हे.

कन्हानकाठच्या खाप्यासारख्या विणकरांच्या गावात चित्र पारखण्याची एक साधी कसोटी सुचते. लुगड्याचा काठ पाहावा. निऱ्यांबरोबर त्याची नक्षी वळते, दबते, लपते का? की फीत चिकटवल्यासारखी सरळ धावते? ज्याने कापड नीट पाहिले, त्याने ते नेसणारीही नीट पाहिली असण्याचा संभव अधिक.

दुसरी कसोटी नावाची. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात सावळाराम हळदणकरांचे चित्र आहे: दिव्याच्या ज्योतीला हाताचा आडोसा करणारी तरुणी. ते जलरंगातले आहे. तैलरंगालाच श्रेष्ठ मानणाऱ्यांना तेवढे उत्तर पुरे. तरीही अनेकांनी ते १९०६ मध्ये निवर्तलेल्या राजा रविवर्म्याच्या नावावर जमा केले. चित्रासाठी उभी राहिली होती हळदणकरांची मुलगी. हे कळल्यावर बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड निराळा दिसतो. त्यात शोभेपलीकडचे काही असते: लेकीकडे टक लावून पाहणारा बाप.

एवढ्या नामांकित चित्राची ही गत, तर साध्या घरातल्या चित्रांची काय कथा? जुनी घरे पाडली जातात, चौकटी भंगारात जातात; उरलेल्यांवर विक्रेता मोठे नाव चिकटवतो. म्हणून ज्यांच्या घरी असे चित्र अजून आहे, त्यांनी चौकटीमागे दोन ओळी लिहून ठेवाव्यात: कुठून आले, कुणी आणले, आणि ठाऊक असेल तर बाई कोण. पुढच्या अभ्यासकाला सहीइतकाच त्या ओळींचा आधार वाटेल.