‘अर्धसत्य’मधला विसरलेला चोर

गोविंद निहलानी यांचा ‘अर्धसत्य’ हा चित्रपट १९८३ साली प्रदर्शित झाला. त्याची भाषा हिंदी. गोत्र मात्र मराठी. श्री. दा. पानवलकर यांची ‘सूर्य’ ही मूळ कथा, पटकथा विजय तेंडुलकरांची, कविता दिलीप चित्रे यांची आणि रामा शेट्टी उभा केला तो सदाशिव अमरापूरकरांनी. पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या आपल्या घरांतून तो ‘आपला’ म्हणूनच पाहिला गेला. त्याची आठवण निघाली की बोलणे ठरल्या वाटेने जाते: ओम पुरी यांचा अभिनय, त्यांना लाभलेला राष्ट्रीय पुरस्कार आणि अखेरीस सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर रामा शेट्टीचा गळा आवळतो तो प्रसंग. आमची तक्रार आहे ती या आठवणीबद्दल. वेलणकरच्या हातून दोन माणसे मरतात. आपल्या ध्यानात राहिला तो दुसराच.

पहिला मरतो तो एक भुरटा चोर. रेडिओच्या चोरीवरून त्याला आणलेले असते. प्यालेला, अपमानाने पोळलेला वेलणकर कोठडीत त्याला इतके मारतो की तो पुन्हा उठत नाही. त्या चोराला चित्रपटात ना घर आहे, ना इतिहास. तरीही कथानकाचा खरा कणा तोच आहे. हा मृत्यू घडला नसता तर वेलणकर निलंबित झाला नसता, आणि रामा शेट्टीच्या दारी मदत मागायला जाण्याची पाळीही त्याच्यावर आली नसती.

तेंडुलकरांची पटकथा या मृत्यूकडे पायरीपायरीने नेते. आधी वेलणकर एका स्त्रीला त्रास देणाऱ्या गुंडांना झोडपतो, तेव्हा प्रेक्षक मनोमन त्याच्या बाजूला असतो. ‘बरे केले’ असेच आपण म्हणतो. पुढे तोच हात, तेच बंद दार, पण समोर एक दुबळा चोर. आणि आता आपण दचकतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र दोन्ही प्रसंगांची जात एकच. ताब्यात आलेल्या, प्रतिकार न करणाऱ्या माणसावर हात टाकण्याचा अधिकार पोलिसाला पहिल्या वेळीही नव्हता. आपल्या टाळीचाच हिशेब मागणारी ही रचना आम्हांला या चित्रपटाचे सर्वांत मोठे बळ वाटते.

महसूल खात्यात असताना कार्यकारी दंडाधिकाऱ्याचे अधिकार आम्ही काही वर्षे वापरले. त्यामुळे हा चित्रपट पाहताना कायद्याची कलमे आठवल्यावाचून राहत नाहीत. तेव्हा लागू असलेल्या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने अटकेच्या वेळी प्रतिकार झाल्यास आवश्यक तेवढेच बळ वापरण्याची मुभा दिली होती. ज्याच्यावर मृत्युदंडाच्या किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याला अटक करताना ठार करण्याचा हक्क त्या कलमातून मिळत नाही, असेही कलम ४६ बजावत होते. कबुलीसाठी मारहाण करणे हा भारतीय दंड विधानाच्या कलम ३३० व ३३१ खाली गुन्हाच होता. १ जुलै २०२४ पासून नव्या संहिता लागू झाल्या, कलमांचे आकडे बदलले; तत्त्व बदललेले नाही.

मग मारहाण होते कशासाठी? पोलिसापुढची कबुली पुराव्यात चालत नाही, हे साऱ्या ठाण्याला ठाऊक असते. पण त्या कबुलीतून मुद्देमाल हाती लागला, तर तेवढा भाग पुरावा कायद्याच्या कलम २७ ने ग्राह्य धरला होता. चोरीच्या तपासात काठीला जागा मिळते ती बहुधा इथे.

येथेच चित्रपट आम्हांला अपुरा वाटतो. वेलणकरच्या हिंसेची कारणे तो दोन देतो: हवालदार बापाचा घरातला जुलूम आणि राजकारण्यांचा दबाव. दोन्ही खरी. परंतु तिसरे, पोलिसाच्या शिक्षणाचे, कारण तो जवळजवळ शिवतच नाही. समाजशास्त्रज्ञ प्रा. मा. स. गोरे यांच्या अध्यक्षतेखाली १९७१ मध्ये नेमलेल्या पोलीस प्रशिक्षण समितीने १९७३ मध्ये अहवाल दिला. बंदोबस्त आणि गुन्ह्यांचा प्रतिबंध एवढ्यावरच न थांबता पोलिसाला माणसाच्या वर्तनाची समज द्यावी, असा तिचा रोख होता. वेलणकरला कवायत येते, कलमे येतात. संताप आला असता हात कसा आवरावा, हे त्याला कोणी शिवविलेले दिसत नाही. बापाचा स्वभाव बदलणे सरकारच्या हाती नसते, प्रशिक्षण असते.

पुढे न्यायालयांनी पुष्कळ केले. डी. के. बसू खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने अटकेसंबंधी अकरा निर्देश दिले. २००५ च्या दुरुस्तीने कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याकडे सोपविली. मुंबईत १९९५ ते १९९७ या काळात झालेल्या ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसे मेली; त्यांवरच्या याचिकेत २०१४ मध्ये न्यायालयाने चकमकींच्या स्वतंत्र तपासाचे नियम घातले आणि चकमकीमागोमाग बढती वा शौर्यपदक देऊ नये, असेही सांगितले. २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसविण्याचा आदेश झाला. भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ मध्येच सही केली. त्याला अंतिम मान्यता मात्र अद्याप दिलेली नाही.

पडदा याच काळात उलट दिशेने गेला. ‘अब तक छप्पन’ (२००४) मध्ये नाना पाटेकरांचा साधू आगाशे चकमकींच्या आकड्यानेच ओळखला जातो. २०११ च्या ‘सिंघम’पर्यंत येता येता अधिकाऱ्याच्या मनातली घालमेल नाहीशी झाली, उरली ती गर्जना. ‘अर्धसत्य’चा वेलणकर शेवटी आपण होऊन पोलीस ठाण्यात जातो आणि गुन्हा कबूल करतो. त्याच्या वारसांना ती गरज भासत नाही, कारण त्यांना कोणी जाबच विचारीत नाही. प्रेक्षक तर नाहीच.

म्हणून आमची विनंती एवढीच. मंडळाच्या चित्रपटवाचनात ‘अर्धसत्य’ पुन्हा यावा, आणि चर्चेचा आरंभ रामा शेट्टीपासून न होता त्या रेडिओचोरापासून व्हावा. शेट्टीसारख्याचा न्याय कसा व्हावा, यावर मतभेद होतील. चोराच्या बाबतीत ते होऊ नयेत. फार तर काही महिन्यांच्या शिक्षेचा तो धनी होता. त्याला मृत्यूची शिक्षा झाली, आणि चाळीस वर्षे आपण तिचा उल्लेखही केला नाही.