‘गावगाड्या’तील कसबाची कल्पना आणि कसाऱ्याचा घाट

त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाला. महसूल खात्यात नोकरी करीत असता खेड्यांचा जो निकट परिचय घडला, त्यातून हा ग्रंथ सिद्ध झाला. ग्रामव्यवस्थेचे साधार वर्णन म्हणून त्याची योग्यता सर्वमान्य आहे. परंतु त्यात काम करणाऱ्याच्या कसबाविषयी एक निश्चित उपपत्तीही गर्भित आहे. तिच्याकडे अभ्यासकांचे व्हावे तितके लक्ष गेलेले नाही. ‘कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युगात आपले कौशल्य कालोचित ठेवा’ असा उपदेश आज चोहोंकडून होत आहे. अशा वेळी त्या उपपत्तीची परीक्षा करणे अप्रस्तुत ठरू नये. कारण आत्रे यांच्या विवेचनातील गुण आणि दोष दोन्ही या उपदेशाच्या संदर्भात अधिक स्पष्ट दिसतात.

आत्रे यांच्या विवेचनाचा गुण असा की, कसब ही एकट्या माणसाची मिळकत आहे असे ते मानीत नाहीत. सुताराचे वा लोहाराचे काम त्यांना नेहमी एका संबंधाच्या चौकटीत दिसते. शेतकऱ्याची गरज, गावाने दिलेला हक्क, खळ्यावरचे बलुते आणि त्याबद्दल करावयाची चाकरी हे सर्व मिळून ते कसब उभे राहते. ‘कसब’ हा शब्द ज्या अरबी शब्दावरून मराठीत आला, त्याचा अर्थ कमाई असा आहे. हाताची करामत आणि पोटाची भाकरी यांची सांगड मराठीत त्या एका शब्दातच पडलेली आहे. आजच्या व्यवहारातील ‘कौशल्य’ मात्र या सांगडीपासून सुटले आहे. ते प्रमाणपत्रात मोजले जाते आणि जुने झाले की टाकून नवे घ्यावे असे सांगितले जाते.

दोष आढळतो तो कसबाच्या ऱ्हासाची कारणमीमांसा करताना. वंशपरंपरेने हक्क मिळाल्यामुळे बलुतेदार निर्धास्त झाला, त्याचे काम निकृष्ट झाले आणि त्याचा भार कुणब्यावर पडला, असा आत्रे यांचा रोख आहे. वतनाच्या जडतेवरील ही टीका सर्वस्वी निराधार नव्हे. तथापि तिच्यामुळे ऱ्हासाचे मूळ कामगाराच्या स्वभावात शोधण्याची सवय लागते. आजचा उपदेशही नेमके हेच करतो. जो मागे पडला तो शिकला नाही म्हणून पडला, असा त्याचा सिद्धान्त असतो.

या सिद्धान्ताची कसोटी पाहण्यास शहापूर तालुक्याच्या टोकाला असलेल्या कसाऱ्याचा परिसर उपयुक्त आहे. ‘गावगाडा’ मुख्यतः देशावरील खेड्यांचे चित्र रेखाटतो. घाटाखालच्या या जंगलपट्टीत बलुत्याच्या चौकटीबाहेरचे कसबी लोक राहत आले. कातकऱ्यांचे उदाहरण घ्यावे. खैराच्या लाकडापासून काथ काढणे हा त्यांचा मूळ धंदा. त्यावरूनच त्यांचे नाव पडले. कोणते झाड निवडावे, गाभा कसा तासावा, काढा किती आटवावा हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यापाशी होते. १८७८ च्या वनकायद्यानंतर जंगले राखीव होत गेली, खैरावर त्यांचा हात चालेनासा झाला आणि हा धंदा मोडला. पुढे कोळसा पाडणे आणि वीटभट्टीची मजुरी त्यांच्या वाट्याला आली. येथे कामगार निर्धास्त झाला नव्हता, शिकण्यात कमीही पडला नव्हता आणि कोणते यंत्रही त्याच्या जागी आले नव्हते. कसब ज्या साधनावर उभे होते, ते साधनच काढून घेतले गेले होते.

त्याच परिसरात दुसरे उदाहरण उलट प्रकारचे आहे. १ जानेवारी १८६१ रोजी रेल्वे कसाऱ्यापर्यंत आली आणि १८६५ साली थळ घाट चढून इगतपुरीस पोचली. या घाटाची चढण ३७ फुटांस १ फूट इतकी तीव्र आहे. प्रथम वाफेची इंजिने होती; १९३० साली विजेची आली. त्यांतल्या लांब नाकाच्या इंजिनांना लोक ‘खेकडा’ म्हणत. एकदिश विद्युत्प्रवाहाची ती पद्धतीही पुढे बदलली आणि २०१६ पर्यंत मुंबई विभागातून तिचे उच्चाटन झाले. चढणाऱ्या गाडीला कसाऱ्यास मागून जोड-इंजिने लावण्याचा प्रघात आहे. रेल्वेचे लोक त्यांना ‘बँकर’ म्हणतात. २०२३ साली सुरू झालेली मुंबई-शिर्डी वंदे भारत गाडी मात्र अशा इंजिनांवाचून घाट चढते.

या स्थित्यंतरांत काही कसबे निःसंशय संपली. भट्टीत कोळसा टाकणाऱ्याचा हातखंडा आज निरुपयोगी आहे आणि तो टिकवावा असा आग्रह कोणी धरणार नाही. पण घाटाचे ज्ञान संपले नाही. वळण कोठे आहे, पावसात रूळ कोठे निसरडे होतात, किती वजनाला किती आधी ब्रेक लावावा हे इंजिन बदलले तरी जाणावेच लागते. उतरणाऱ्या गाडीच्या ब्रेकची परीक्षा घेऊनच तिला घाटात सोडले जाते. चालक कितीही अनुभवी असो, मार्गाचा प्रत्यक्ष परिचय करून घेतल्याशिवाय त्याच्यावर गाडी सोपविली जात नाही; दीर्घ खंड पडला तर तो परिचय पुन्हा करून घ्यावा लागतो. विशेष हे की, हे शिक्षण नोकरीचाच भाग असते. नवे इंजिन आले म्हणून चालकाने सुटीच्या दिवशी स्वखर्चाने ते शिकून यावे, अशी अपेक्षा नसते.

दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली म्हणजे आत्रे यांच्या उपपत्तीची मर्यादा ध्यानात येते. कातकऱ्यापाशी कसब होते, पण साधनावर हक्क नव्हता. चालकाच्या हातातील साधन वारंवार बदलले, तरी शिकण्याची सोय, वेतन आणि जबाबदारी यांची चौकट शाबूत राहिली. कसब टिकते की नाही याचा निर्णय व्यक्तीच्या तत्परतेइतकाच, किंबहुना अधिक, या चौकटीवर अवलंबून असतो. हक्काने कसब बिघडते, असे आत्रे म्हणतात. घाटाचा इतिहास असे दाखवितो की, हक्काबरोबर परीक्षा असेल तर कसब टिकते, आणि हक्कच नसेल तर उत्तम कसबही टिकत नाही.

हा प्रश्न विद्यापीठाच्या उंबरठ्याबाहेरचा नव्हे. २०२५ साली रुरकी येथील भारतीय प्रौद्योगिकी संस्थेच्या संशोधकांनी मोडी हस्तलिखितांचे देवनागरीत लिप्यंतर करणारे एक प्रतिमान पुढे आणले. मोडीचे असंख्य कागद अवाचित पडून आहेत आणि वाचक थोडे आहेत. तेव्हा अशा साधनाचे स्वागतच केले पाहिजे. अक्षर लावण्याचे काम उद्या यंत्र करील. परंतु कागद कैफियत आहे की ताकीदपत्र, त्यातील सुहूर सनाचा मेळ इसवी सनाशी बसतो की नाही, एखादे गावाचे नाव यंत्राने चुकीचे लावले आहे काय, हे ओळखणे म्हणजे घाट ओळखणे होय. ते ज्ञान अनेक वर्षे संथपणे मूळ कागद वाचल्यानेच येते. जो विद्यार्थी आरंभापासून यंत्राने लावलेला पाठच वाचील, त्याला यंत्राची चूक कशावरून कळणार?

म्हणून ‘कौशल्य कालोचित ठेवा’ हे वचन विद्यार्थ्याला ऐकवून विभागाची जबाबदारी संपत नाही. यंत्राच्या साहाय्यावाचून मूळ कागद वाचण्याची परीक्षा अभ्यासक्रमात राहिली पाहिजे. नवे साधन शिकण्याचा वेळ अध्यापकाच्या कार्यभारात धरला गेला पाहिजे. आणि यंत्राचा पाठ तपासणाऱ्याचे नाव व मोबदला यांची नोंद झाली पाहिजे. कसबाला हक्क आणि चाकरी यांच्या संबंधात पाहण्याची दृष्टी ‘गावगाड्या’ने मराठीला दिली. त्या दृष्टीचा उपयोग कामगाराला दोष देण्यासाठी न करता त्याची चौकट तपासण्यासाठी केला, तर शंभर वर्षांपूर्वीचा हा ग्रंथ आजही मार्गदर्शक ठरू शकेल.