तपशिलांचे शौकीन आणि मेरी सरॅट

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली ती १४ एप्रिल १८६५ च्या रात्री. तो दिवस गुड फ्रायडेचा होता. या एका घटनेवर जीव टाकणाऱ्या इतिहासप्रेमींची तिकडे एक बिरादरीच आहे. दोघे भेटले की एकाने विचारावे, लिंकनच्या खिशात काय सापडले? दुसऱ्याने तत्काळ उत्तरावे, दोन चष्मे आणि बंडखोर दक्षिणेची पाच डॉलरची नोट. लिंकनचा मुलगा रॉबर्ट रेल्वेच्या फलाटावर पडता पडता कोणी वाचवला? मारेकरी जॉन विल्क्स बूथच्या सख्ख्या भावाने, नट एडविन बूथने! असा हा खेळ रात्र रात्र चालतो.

या छंदाविषयी आमच्या मनात पूर्वीपासून अढी होती. सेमिनरीच्या दिवसांत लिंकन आणि केनेडी यांच्यातील योगायोगांची एक यादी हातोहात फिरत असे. आम्हीही ती मोठ्या कौतुकाने उतरवून घेतली होती. केनेडींच्या चिटणीस बाईंचे आडनाव लिंकन होते, हे खरे. लिंकनच्या चिटणिसाचे आडनाव केनेडी होते, हे मात्र निराधार. त्यांचे चिटणीस निकोले आणि हे. केनेडींचा मारेकरी ऑस्वाल्ड १९३९ मध्ये जन्मला, म्हणून यादीने बूथला १८३९ मध्ये जन्माला घातले. प्रत्यक्षात तो १८३८ चा. असल्या ज्ञानाने वाचकाच्या पदरी काय पडते, हे विचारण्यासाठीच आम्ही लेखणी उचलणार होतो. पण रॉबर्ट रेडफर्ड दिग्दर्शित ‘द कॉन्स्पिरेटर’ (२०१०) हा चित्रपट पाहिला आणि आमचे मत पुष्कळसे बदलले. चित्रपटाने आम्हांला जिंकले म्हणून नव्हे. तो जिथे उणा पडतो तिथे या शौकिनांनीच आमचा हात धरला म्हणून.

चित्रपटाची नायिका मेरी सरॅट ही कॅथलिक विधवा. वॉशिंग्टनमध्ये ती खानावळवजा वसतिगृह चालवीत असे आणि कटवाल्यांची तेथे ये-जा होती. नागरी न्यायालये उघडी असताना तिला लष्करी आयोगापुढे उभे केले गेले. नऊपैकी पाच सदस्यांनी फाशीची शिक्षा देऊनही वय आणि स्त्रीत्व पाहून दयेची शिफारस केली. ती आपल्या नजरेस आलीच नाही, असे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन पुढे म्हणाले; आपण ती दाखवली होती, असे सरकारी वकील होल्ट म्हणत राहिले. फाशीच्या सकाळी न्यायाधीश वायली यांनी कैद्याला न्यायालयात हजर करण्याचा हुकूम काढला, तो जॉन्सन यांनी निष्प्रभ केला. ७ जुलै १८६५ रोजी तिघा पुरुषांसोबत ती फासावर गेली. संघराज्याच्या सरकारने देहान्त दिलेली ही पहिली स्त्री. अलेक्झांडर गार्डनरने टिपलेल्या छायाचित्रात उन्हाच्या तडाख्यात वधस्तंभावर तिच्या माथ्यावर धरलेली छत्री दिसते.

न्यायप्रक्रियेची ही विटंबना रेडफर्ड यांनी निर्भीडपणे मांडली आहे आणि रॉबिन राइट हिने तिच्या वाट्याची भूमिका संयमाने केली आहे. पण खटला अन्याय्य होता, यावरून आरोपी निर्दोष होती हे सिद्ध होत नाही. चित्रपट हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळू देतो. वाइकमन आणि लॉइड हे दोन प्रमुख साक्षीदार तो अशा प्रकाशात उभे करतो की प्रेक्षक त्यांच्यावर विश्वास ठेवायला तयारच होत नाही.

येथे तपशिलांचे शौकीन कामी येतात. मेरीलँडमधील सरॅट कुटुंबाच्या जुन्या घराचे १९७६ मध्ये संग्रहालय झाले. तेथील मंडळी बूथच्या पळवाटेवरून सहली काढत असत आणि कोण कुठे किती वाजता होता यावर हुज्जत घालत असत. हसू येते खरे! पण खुनाच्या दिवशी दुपारी मेरी घोडागाडीतून त्याच घरी गेली होती आणि बूथने दिलेली दुर्बीण तिने तेथे लॉइडकडे सोपवली. बंदुका तयार ठेव, असेही ती म्हणाल्याची त्याची साक्ष आहे. मध्यरात्रीच्या सुमारास बूथ तेथे आला. तीन दिवसांनी पोलीस तिच्या घरात असतानाच हातात कुदळ घेऊन लुईस पॉवेल दाराशी उभा राहिला. या माणसाला आपण कधी पाहिले नाही, असे ती शपथेवर म्हणाली. तो तर पूर्वी तिच्याच घरी येऊन गेलेला. तिची नजर अधू होती, हा बचाव. लॉइड दारूच्या आहारी गेलेला, हाही बचाव. तरीही ती दुर्बीण काही केल्या डोळ्यांसमोरून हलत नाही. केट क्लिफर्ड लार्सन यांनी २००८ च्या आपल्या ग्रंथात तिला कटाची जाणती साथीदारच ठरवले आहे.

आम्हां कॅथलिकांना हे ऐकणे जड जाते. त्याला कारणही आहे. शिनिकी नावाच्या धर्मत्यागी धर्मगुरूने १८८० च्या दशकात लिंकनच्या खुनाचे खापर जेज्वितांवर फोडले आणि तो आरोप पुढे कित्येक वर्षे छापला जात राहिला. अशा वेळी मेरीला हुतात्मा ठरवण्याचा मोह आपल्या लेखकांना होणे स्वाभाविकच होते. वधस्तंभापर्यंत तिच्यासोबत गेलेले फादर जेकब वॉल्टर यांनीही १८९१ मध्ये तिच्या निर्दोषत्वाविषयी लिहिले. आम्ही ते आदराने घेतो. पण पापनिवेदनात काय ऐकले ते कोणताही धर्मगुरू सांगू शकत नाही, हे आम्ही पदोपदी अनुभवतो. म्हणून फादरांचा शब्द हा एका सज्जनाचा विश्वास आहे. तो पुरावा नव्हे.

आणि मुलगा जॉन? तो सेमिनरीत शिकलेला, वाइकमन त्याचा तेथलाच सोबती. आई कोठडीत असताना तो कॅनडात धर्मगुरूंच्या आश्रयाने लपून होता. आईला फाशी झाली, तो परतला नाही. पुढे खोट्या नावाने पोपच्या सैन्यात शिरला, ओळखला गेला, निसटला आणि १८६६ मध्ये इजिप्तमध्ये पकडला गेला. १८६७ मध्ये नागरी न्यायालयात ज्यूरीचे एकमत झाले नाही आणि अखेर तो सुटला. लिंकनना पळवून नेण्याच्या आधीच्या बेतात आपण होतो, हे त्याने १८७० च्या एका व्याख्यानात स्वतःच सांगितले. चित्रपटाच्या शेवटी वकील एकिन त्याला तुरुंगात भेटतो आणि आईची जपमाळ पुढे करतो. जॉन ती घेत नाही. प्रसंग हृद्य आहे, पण आमच्या दृष्टीने तो मुलाला फार स्वस्तात सोडतो. कॅनडातील त्या धर्मगुरूंच्या जागी आम्ही असतो, तर त्याला लपवले असते की आईकडे जा म्हणून दार उघडून दिले असते? पुष्कळ विचार करूनही आम्हांला उत्तर देता येत नाही. चित्रपट हा प्रश्न विचारायलाही थांबत नाही, ही आमची त्याच्याविषयीची मुख्य तक्रार.

शौकिनांनी जपलेला आणखी एक तपशील. वॉशिंग्टनच्या माउंट ऑलिव्हेट या कॅथलिक दफनभूमीत मेरीच्या मूळ शिळेवर ‘मिसेस सरॅट’ एवढेच कोरले होते. तिच्याविरुद्ध साक्ष देणारा जॉन लॉइडही त्याच दफनभूमीत पुरलेला आहे.