माशीला विचारलेला प्रश्न

फुलांचे रंग कोणासाठीं? जर्मन पंडित स्प्रेंगेल यानें १७९३ सालीं उत्तर दिलें होतें, कीटकांसाठीं. आणि डार्विननें तें उत्तर आपल्या उपपत्तींत मानानें बसविलें. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभीं म्युनिकचे नामांकित नेत्रवैद्य कार्ल फॉन हेस यांनीं प्रयोगान्तीं जाहीर केलें कीं, मासे व यच्चयावत् अपृष्ठवंशी प्राणी पूर्णपणें रंगांध आहेत. हें खरें मानलें, तर फुलांचा सारा शृंगार निरर्थक ठरतो. हा निकाल मानण्याचें ज्या तरुण प्राणिशास्त्रज्ञानें नाकारलें, त्या कार्ल फॉन फ्रिश (१८८६–१९८२) यांनीं सामान्य वाचकांसाठीं १९२७ सालीं 'मधमाश्यांच्या जीवनांतून' या अर्थाच्या नांवाचें जर्मन पुस्तक लिहिलें. त्याच्या अनुरोधानें त्यांच्या दृष्टिविषयक संशोधनाचें मर्म येथें पाहावयाचें आहे.

हेस यांची परीक्षा अशी: अंधारांत कोंडलेल्या माश्यांपुढें भिन्न रंगांचे व भिन्न तेजाचे प्रकाश टाकावयाचे. माश्या जेथें उजेड अधिक तेथें धावत. रंगाशीं त्यांना कर्तव्य नसे. फ्रिश यांनीं माशीला कोंडलेंच नाहीं. मोकळ्या हवेंत एका मेजावर त्यांनीं पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत निरनिराळ्या छटांचे करडे कागद मांडले, व त्यांत एकच निळा ठेवला. साखरेचें पाणी फक्त निळ्यावरच्या वाटींत. माशीनें जागा लक्षांत ठेवून येऊं नये म्हणून निळ्याचें स्थान वारंवार बदललें. पुढें साखर काढून घेतली, कागद नवे घातले आणि वासाची शंका उरूं नये म्हणून वर कांच ठेवली. तरी माश्या निळ्यावरच उतरल्या. माशी रंगांध असती, तर तितक्याच उजेडाचा एखादा करडा कागद तिला निळ्यासारखाच भासला असता. लाल रंगाच्या बाबतींत मात्र याच युक्तीनें निराळें उत्तर दिलें: लालावर शिकविलेल्या माश्या काळ्यावर व गडद करड्यावरहि उतरूं लागल्या. हें सारें संशोधन १९१४–१५ मध्यें विस्तारानें प्रसिद्ध झालें.

या वादांत फ्रिश जिंकले एवढेंच सांगून थांबणें हा त्यांच्यावर अन्याय होईल. हेस यांचें निरीक्षण खोटें नव्हतें. कोंडलेली माशी सुटकेची वाट शोधीत असते, आणि त्या वेळीं उजेड हीच तिची खूण. चाऱ्याला निघालेली माशी फूल शोधीत असते. तेव्हां तिला रंगाची गरज पडते. डोळा तोच, परंतु प्रश्न निराळा. प्राण्याला काय दिसतें हें जाणावयाचें, तर त्याच्या गरजेच्या क्षणीं, त्याच्याच व्यवहारांत शिरून विचारलें पाहिजे, हा फ्रिश यांचा खरा शोध होय. निळा कागद हें त्याचें केवळ पहिलें उदाहरण.

पुढील कार्य याच मार्गानें गेलें. चारा सांपडलेली माशी पोळ्यावर नाचून त्याची दिशा सांगते, हें त्यांनींच उलगडलें. मग त्या नाचाचाच उपयोग त्यांनीं डोळ्याच्या परीक्षेसाठीं केला. आडव्या ठेवलेल्या पोळ्यावरील माशीला सूर्य दिसला नाहीं, तरी निळ्या आकाशाचा एखादा तुकडा पुरतो. त्या तुकड्यांतील प्रकाशाचीं कंपनें विशिष्ट पातळींत होत असतात. फ्रिश यांनीं त्या प्रकाशापुढें ध्रुवण करणारी पट्टी धरून फिरविली, तों नाचाची दिशाहि बदलली. १९४९ सालीं प्रसिद्ध झालेला हा शोध म्हणजे माणसाच्या डोळ्याला जवळजवळ अगोचर अशा एका गुणाची माशीनें दिलेली साक्षच होय.

तथापि दोष सांगणें हेंहि परीक्षकाचें कर्तव्य आहे. ओघवत्या निवेदनामुळें प्रयोगामागून प्रयोग इतका सहज येतो, कीं निसर्ग उत्तर देण्यास उत्सुकच बसला आहे असें नवख्याला वाटावें. शिवाय माशीचा डोळा हा प्रकाश कसा ओळखतो, याविषयींची त्यांची कल्पना अपुरी ठरली. हें काम मुख्यतः डोळ्याच्या वरच्या कडेवरील थोड्या नेत्रिका करतात, असें पुढें स्यूरिकचे रूडिगर वेनर प्रभृतींनीं दाखविलें. माशीला जंबुपार किरण दिसतात हा शोधहि फ्रिश यांचा नव्हे. तो १९२१ सालचा, क्यून व पोल या जोडीचा.

१९७३ सालीं, सत्याऐंशी वर्षांच्या उंबरठ्यावर, त्यांना लोरेंझ व टिनबर्गेन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालें. पण त्यांची थोरवी मानावयास त्या मानाची गरज नाहीं. या पुस्तकाचें इंग्रजी भाषांतर १९५४ सालीं निघालें. जाणत्या मुलांच्या हातीं तें अवश्य द्यावें. त्यांना त्यांत मधमाश्यांची माहिती तर मिळेलच. परंतु मुक्या जिवाला उत्तर देतां येईल असा प्रश्न कसा विचारावा, हेंहि त्यांना कळेल, आणि तें शिकविणारीं पुस्तकें फार थोडीं आहेत.