गिल, रॉबर्ट
(१८०४–७९). अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करणारा इंग्रज चित्रकार व छायाचित्रकार. मद्रास सैन्यातील अधिकारी. ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये त्याची या कामावर नेमणूक केली. सु. १८६३ पर्यंत त्याने कॅनव्हासवर मोठ्या आकाराच्या तैलप्रतिकृती केल्या. त्यांपैकी बहुतेक लंडनजवळील सिडनॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली आगीत जळाल्या. खानदेशात भुसावळ येथे तो निधन पावला.

अजिंठ्याची बहुतेक चित्रे भिक्षूंच्या निवासी विहारांत असली, तरी त्यांत राजवाडे, नगरे व संसारत्यागाचे प्रसंग विपुल आहेत. ज्या ऐहिक जीवनाचा भिक्षूंनी त्याग केला, तेच त्यांच्या भिंतींवर रंगविलेले होते. मूळ चित्रांत रेषेला प्राधान्य आहे. तैलरंगाच्या दाट लेपात तिची लय काहीशी बोजड होते, ही गिलच्या प्रतिकृतींची मर्यादा होय. याउलट, जेम्स फर्ग्युसनच्या विवेचनासह १८६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या छायाचित्रांत ओसाड विहार व भग्न शिल्पे जशीच्या तशी येतात. विहारजीवनाचा अस्त आणि मध्ये लोटलेला काळ त्यांतून अधिक उत्कटपणे प्रतीत होतो.

काळाच्या तडाख्यातून चित्रे वाचविण्यासाठी केलेल्या प्रतिकृती मूळ चित्रांच्या आधीच नष्ट झाल्या. ही हानी भरून काढण्यासाठी १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स व मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी पुन्हा प्रतिकृती केल्या. गिलच्या परिश्रमाचे महत्त्व त्यामुळे उणावत नाही. अजिंठ्याकडे पश्चिमी अभ्यासकांचे लक्ष वेधण्यात त्याचा वाटा मोठा आहे.