चाहता की जोडीदार?



आज समीक्षेसाठी आम्ही दोन मजकूर घेतले आहेत. पहिला आहे चित्रपट, डिसेंबर 2021 मध्ये आलेला 'चंडीगढ करे आशिकी'. दुसरा तुमच्यापैकी अनेकांच्या फोनमध्ये असेल: डेटिंग अ‍ॅपवरची प्रोफाइल. प्रोफाइलची कसली समीक्षा, असं कुणी म्हणेल. पण 'गोरी, सुशील, गृहकृत्यदक्ष' छापाच्या जाहिरातींवरून आपण आपल्या समाजाबद्दल किती बोललो! ही प्रोफाइल त्याच जाहिरातींची नात आहे. तिलाही वाचू या.

दोन्हीकडे प्रश्न एकच धरायचा आहे. ट्रान्सजेंडर व्यक्ती जेव्हा जोडीदार शोधायला निघते, तेव्हा तिच्याशी आदरानं वागणं म्हणजे नेमकं काय?

आधी चित्रपट. अभिषेक कपूर दिग्दर्शक. मनू हा चंडीगढचा शरीरसौष्ठवपटू, स्वतःची जिम चालवणारा. मानवी त्या जिममध्ये झुंबा शिकवायला येते. दोघं प्रेमात पडतात, जवळ येतात. मनू लग्नाच्या गोष्टी करू लागतो आणि तेव्हा मानवी त्याला सांगते, की ती ट्रान्स स्त्री आहे. मनू बिथरतो. आपल्याला फसवलं, असं त्याला वाटतं. पुढे तो स्वतःच माहिती शोधतो, हळूहळू समजून घेतो आणि तिच्याकडे परत येतो.

चित्रपटाची जमेची बाजू मोठी आहे. मुख्य प्रवाहातल्या हिंदी चित्रपटात ट्रान्स व्यक्ती बहुतेक वेळा हसण्यापुरती यायची. इथे ती नायिका आहे. तिला नोकरी आहे, वडील तिच्या पाठीशी आहेत, तिला राग येतो, हवंनको असतं. ही भूमिका वाणी कपूरनं केली. ट्रान्स अभिनेत्रीला का दिली नाही, अशी टीका तेव्हा झाली आणि ती रास्त होती. आमचा आक्षेप मात्र कथेच्या रचनेवर आहे. सगळी कथा एका खुंटीवर टांगली आहे: तिनं आधी का नाही सांगितलं? शिकायचं असतं ते मनूला, बदलतो तो मनू, आणि त्याचं शिकून होईपर्यंत मानवीनं सोसायचं. चित्रपटगृहातून बाहेर पडणारा प्रेक्षक 'तिनं कधी सांगायला हवं होतं?' यावरच वाद घालत घरी जातो.

आता प्रोफाइलकडे येऊ. टिंडरनं 2018 मध्ये भारतात लिंगओळखीचे 23 पर्याय दिले. त्याच वर्षी 6 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानं 377 कलमातून प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना वगळलं होतं. त्याआधी 2014 च्या नालसा निकालानं स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला होता. म्हणजे आता प्रोफाइलच्या पहिल्याच ओळीत 'मी ट्रान्स स्त्री आहे' असं लिहिता येतं. अनेक जणी तसं लिहितातही. त्यात प्रामाणिकपणा आहे, तसा जिवाचा हिशेबही आहे. समोरासमोर, बंद खोलीत, एखाद्या मनूला पहिल्यांदा कळण्यापेक्षा ते स्क्रीनवर कळलेलं बरं.

मग चित्रपटाचा प्रश्न सुटायला हवा होता. तिनं आधीच सांगितलं, विषय संपला. पण तो संपत नाही, दुसऱ्या बाजूला सरकतो. आता सांगायची पाळी त्याची असते, आणि तो सांगत नाही.

अशा प्रोफाइलना येणारे निरोप वाचा. समोरच्याचा फोटो नसतो, नाव बनावट असतं, निरोप रात्री उशिरा येतो. 'तू फार सुंदर आहेस' हे पहिलं वाक्य आणि 'कुणाला कळता कामा नये' हे दुसरं. एक इंग्रजी शब्द फार वापरात आहे: 'डिस्क्रीट'. म्हणजे गुपचूप. त्याचे मित्र, त्याचं घर, त्याचं ऑफिस यांतल्या कुणालाही ती कधी दिसणार नाही, हे पहिल्या पाच मिनिटांत ठरून जातं.

या माणसाला इंग्रजीत 'अ‍ॅडमायरर' म्हणतात, आपण मराठीत 'चाहता' म्हणू. आता हा शब्द जरा उलटून पाहा. चाहते कुणाला असतात? नटीला, गवयाला, क्रिकेटपटूला. चाहता अंधारात बसतो, टाळ्या वाजवतो, खेळ संपला की घरी जातो. कलावंताचा ताप, घरभाडं, आईशी झालेलं भांडण याच्याशी त्याचा संबंध नसतो. कौतुक पुष्कळ आणि जबाबदारी शून्य, असं हे नातं. रंगमंचासाठी ते ठीक आहे, प्रेमासाठी नाही.

बरं, हा माणूस इंटरनेटनं जन्माला घातलेला नाही. हिजडा समाजाच्या बोलीत जोडीदार पुरुषाला 'गिरिया' असा शब्द केव्हाचा आहे. त्या समाजाकडे त्याच्यासाठी नाव आहे. आपल्याकडे, म्हणजे तो ज्या घरांतून येतो त्या घरांकडे, नाव नाही. म्हणून तो बनावट नावानं फिरतो.

इथे त्याच्या बाजूनंही बोललं पाहिजे. त्याला भीती आहे आणि ती खोटी नाही. मित्र चेष्टा करतील, घरात रडारड होईल, कुणी स्क्रीनशॉट घेऊन पैसे मागेल. शिवाय गुप्तता कधीकधी तिलाही हवी असते. घरमालकाला कळलं तर खोली जाईल, ऑफिसात कळलं तर नोकरी. त्यामुळे 'खरं प्रेम असेल तर जगाला ओरडून सांग' असला सल्ला आम्ही देणार नाही. आमची कसोटी साधी आहे: गुपित कुणाच्या सोयीसाठी आहे आणि त्याचं ओझं कोण वाहतं? दोघांनी मिळून ठरवलेली गुप्तता म्हणजे खासगीपणा. एकानं लादलेली आणि दुसरीनं सोसलेली गुप्तता म्हणजे लपवाछपवी. आणि ज्या गोष्टीची लाज वाटते तीच आपण लपवतो, हे तिला न सांगता कळतं.

आता भाषेकडे वळू, कारण मराठीत ही कसोटी पहिल्याच वाक्यात लागते. इंग्रजीत 'यू' म्हणून पळ काढता येतो. मराठीत 'काय करतेस' किंवा 'काय करतोस' यांतलं एक निवडावं लागतं. क्रियापद तुमच्या मनातलं बोलून टाकतं. गोड बोलताना 'करतेस' म्हणणारा माणूस भांडण झालं की 'कुठे होतास रे?' वर येतो. त्या एका 'होतास'मध्ये आधीचं सगळं कौतुक वाहून जातं. ट्रान्स पुरुषांच्या वाट्याला हेच उलट्या बाजूनं येतं. त्यांचे तर चाहतेही मोजके, आणि त्यांच्यावर चित्रपटही क्वचितच निघतो.

पण याच भाषेत एक सोयही आहे. 'तुम्ही कुठे राहता? जेवलात का?' यात लिंग कुठेच येत नाही. आपल्या आज्यांनी परक्या माणसाशी अहोजाहो करायला शिकवलं, ते मोठेपणा देण्यासाठी. त्यातच समोरच्याबद्दल काही गृहीत न धरण्याची रीतही आहे. तेव्हा ओळख होईपर्यंत 'तुम्ही' म्हणावं, आणि मग सरळ विचारावं, 'तुम्हाला कसं बोललेलं आवडेल?' विचारल्यानं कुणाचा अपमान होत नाही.

अपमान होतो तो दुसऱ्या प्रश्नानं. ओळख होऊन दहा मिनिटं झाली नाहीत तोच 'ऑपरेशन झालंय का?' ठरवून होणाऱ्या लग्नात आपण पगार विचारतो, पत्रिका मागतो, नको तितकं विचारतो. तरी पोह्यांची बशी हातात असताना मुलीला तिच्या शस्त्रक्रियांबद्दल कुणी विचारत नाही. (हशा) हसलात, कारण ते किती विचित्र आहे ते लगेच कळलं. मग ट्रान्स व्यक्तीच्या बाबतीत ते विचित्र का वाटत नाही? कारण तिच्याकडे आपण स्थळ म्हणून पाहतच नाही.

ही फक्त मनोवृत्तीची गोष्ट नाही. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांसाठी 2019 मध्ये झालेल्या कायद्याच्या 18व्या कलमानं त्यांच्यावरच्या लैंगिक अत्याचाराला सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा ठेवली. स्त्रीवरच्या बलात्काराला किमान दहा वर्षं आहेत. अनोळखी माणसाला भेटायला जाताना प्रत्येक जण धोका पत्करतो, पण दोघांच्या धोक्याची किंमत कायद्यानं अशी वेगवेगळी लावली. दुसऱ्या बाजूला, 2019 मध्येच मद्रास उच्च न्यायालयानं हिंदू विवाह कायद्यातल्या 'वधू' या शब्दात ट्रान्स स्त्री येते असं म्हटलं. ऑक्टोबर 2023 मध्ये समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता नाकारताना सर्वोच्च न्यायालयानंही स्पष्ट केलं, की स्त्री-पुरुष नात्यातल्या ट्रान्स व्यक्तींना सध्याच्याच कायद्यांखाली लग्नाचा हक्क आहे. म्हणजे ती वधू होऊ शकते, हे न्यायालयाला दिसलं. चाहत्याला अजून दिसायचं आहे.

आणि आपल्यालाही. गौरी सावंत यांच्या आयुष्यावरची रवी जाधव दिग्दर्शित 'ताली' ही मालिका 2023 मध्ये आली. 2017 मध्ये त्या एका जाहिरातीत आई म्हणून दिसल्या, तेव्हा घराघरांत डोळे पाणावले. आई म्हणून, कार्यकर्ती म्हणून, आशीर्वाद देणारा हात म्हणून आपण ट्रान्स व्यक्तीला मान द्यायला शिकतो आहोत. हे चांगलंच आहे. पण त्याग करणाऱ्याला मान देणं सोपं असतं. जी म्हणते, 'मला रविवारी कुणाबरोबर तरी सिनेमाला जायचंय, हातात हात घालून', तिला मान देणं अवघड जातं.

म्हणून समीक्षक म्हणून आमची पुढच्या चित्रपटाकडून मागणी छोटी आहे. त्यात तिनं पहिल्याच दृश्यात सांगून टाकलेलं असावं. मध्यंतराआधी तिनं नकार दिला तरी चालेल, तोही तिचा हक्क आहे. आणि उरलेल्या कथेत आपण वाट पाहावी ती त्याच्या बोलण्याची: आपल्या आईसमोर, दिवसाउजेडी, तिचं नाव नीट घेऊन तो कधी बोलतो त्याची.

आता प्रश्न घेऊ.