अनवाणी पोथी

ज्या पुस्तकापायी सौभाग्यवतींना तीन आठवडे माझ्या पायाला हळद-चुन्याचा लेप लावावा लागला, त्याविषयी निःपक्षपातीपणे लिहिणं कठीणच. तरी प्रयत्न करतो. कॉमर्सचा माणूस, जमेची बाजू आधी मांडतो.

पुस्तक ख्रिस्तोफर मॅक्डूगल यांचं, 'बॉर्न टू रन', 2009 सालचं. गोष्ट झकास आहे. मेक्सिकोच्या कॉपर कॅन्यन नावाच्या दऱ्याखोऱ्यांत राहणारे रारामुरी लोक मैलोन् मैल मजेत धावतात, आणि जाड टाचांचे महागडे बूट घालणारे आपण मात्र गुडघे धरून बसतो. शेवटची शर्यत तर अशी रंगवलीय, की वाचताना मी पलंगावर पडल्या पडल्या पाय हलवत होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे अस्मादिक मेहरूण तलावावर हजर. बूट हातात. एका ओळखीच्या गृहस्थांनी विचारलं, "काय भो, नवस बोलला का?"

पहिल्या दिवशी दोन किलोमीटर. चौथ्या दिवशी पाच. सातव्या दिवशी बँकेचा जिना मी उतरलो नाही. मला उतरवण्यात आलं.

माझा पहिला आक्षेप इथेच. वेड लावायला लेखकाकडे पानंच्या पानं आहेत. पण चाळीस वर्षं बुटात मुरलेल्या पायानं बाहेर कसं यायचं, हा हिशेब फार त्रोटक. जाड टाच गेली की माणूस बहुधा चवड्यावर पडायला लागतो. गुडघ्याचा भार हलका होतो खरा, पण तो जातो पोटरीवर आणि टाचेमागच्या जाड शिरेवर. म्हणजे कर्ज फिटलं नाही, नुसतं खातं बदललं! 2013 साली अमेरिकेत 36 धावपटूंवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या 19 जणांना दहा आठवड्यांत हळूहळू पातळ तळाच्या बुटांवर आणलं, तरी दहा जणांच्या पायाच्या हाडांत आतून सूज दिसली. त्यांना दहा आठवडे पुरले नाहीत आणि मी सगळं एका आठवड्यात उरकायला निघालो होतो.

दुसरी गंमत अशी, की पुस्तकातले हे रारामुरी मुळी अनवाणी नाहीतच. पायात टायरच्या तळाच्या, पट्ट्यांनी बांधलेल्या चपला! लेखकानं हे लपवलेलं नाही. पण वाचणाऱ्याच्या डोक्यात राहतो तो उघडा पाय. अबेबे बिकिलाचंही तेच. 1960 साली रोमला तो अनवाणी मॅरेथॉन जिंकला, हे जो तो सांगतो. 1964 साली टोकियोला तोच बूट घालून आणखी वेगानं जिंकला, हे सांगताना मंडळींना खोकला येतो.

पण खरा समीक्षक धुळ्याहून आला. माझे वडील. नानांनी माझा पाय पाहिला, मग पुस्तक पाहिलं.

"कितीचं?"

"पाचशेचं."

"आणि यात काय लिहिलंय? बूट काढा?"

नाना शाळेत अनवाणी जात. बाभळीचे काटे, वैशाखातली तापलेली वाट. मला बँकेत नोकरी लागली, तेव्हा त्यांनी मला आग्रा रोडवर नेऊन कातडी बूट घेऊन दिले होते. त्यांनी स्वतः वाकून अंगठ्याजवळ दाबून पाहिलं होतं, चावतात का ते. ते काहीच बोलले नाहीत, नुसते माझ्या पायाकडे बघत बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुस्तकात हेच नाही. 'निसर्गतः' म्हणून ज्याचं कौतुक चाललंय, ते कुणाच्या वाट्याला नाइलाजानं आलेलं असतं. 'लता भगवान करे' हा 2020 सालचा मराठी चित्रपट मला म्हणूनच जास्त खरा वाटतो. नवऱ्याच्या तपासणीच्या पैशांसाठी नऊवारी नेसून बारामतीच्या शर्यतीत अनवाणी धावलेल्या बाईंची ती हकीकत. आणि पडद्यावर कामही त्यांनी स्वतःच केलंय. पावलं कशी पडावीत, हे त्यांना कोण शिकवणार? चैत्रात आमच्या खान्देशातून सप्तशृंगगडावर पायी जाणाऱ्यांतही कितीतरी अनवाणी असतात. पण ते देवीसाठी. गुडघ्यासाठी नव्हे.

तरी पुस्तक मी परत केलेलं नाही. (ज्यांचं आहे ते साहेब आता बदलून गेलेत.) पाय बरा झाल्यावर पुन्हा सुरुवात केलीय, पण नव्या अटींवर. आधी महिनाभर घरात अनवाणी चालणं, मग गवतावर पाच मिनिटं, पोटरी कुरकुरली की सुट्टी, बाकीचं धावणं बुटात. नाना आले की तेही सोबत येतात. बाकावर माझे बूट शेजारी ठेवून बसतात, आणि घड्याळात पाच मिनिटं झाली की तिथूनच ओरडतात, "ये आता, घाल!"